ब-१२ : शाकाहारी घरांतील एक उणीव

वरणभात, पालेभाजी, ताक आणि लिंबाची फोड या आपल्या नेहमींच्या ताटास बहुतेक जीवनसत्त्वांच्या दृष्टीनें नांवें ठेवण्यासारखें फारसें नाहीं. परंतु ‘ब’ वर्गांतील एक जीवनसत्त्व असें आहे, कीं तें कोणतीहि वनस्पति निर्माण करीत नाहीं, आणि खरें पाहतां कोणताहि प्राणीसुद्धां करीत नाहीं. ब-१२ हें तें होय. तें घडविण्याची कला कांहीं सूक्ष्म जंतूंनाच साधली आहे. गाईच्या पोटांतील जंतु चाऱ्यांतून आलेला कोबाल्ट धातु घेऊन तें बनवितात व तेथून तें दुधांत उतरतें. असे जंतु मनुष्याच्या मोठ्या आंतड्यांतहि असतात. पण ब-१२ चें शोषण त्याआधींच, लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत होत असल्यामुळें ही घरची कमाई आपल्या उपयोगीं पडत नाहीं!

गरज मात्र अत्यल्प. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठीं दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतें. म्हणजे एक ग्रॅम ब-१२ एका माणसास हजार वर्षें पुरावें. १९२६ सालीं बोस्टन येथील मिनॉट व मर्फी या डॉक्टरांनीं, तोंवर असाध्य मानलेल्या एका पांडुरोगाच्या रोग्यांना रोज पाव ते अर्धा रत्तल यकृत खाऊं घालून वांचविलें. त्या यकृतांतील गुणकारी द्रव्याचे लाल स्फटिक हातीं येण्यास १९४८ साल उजाडलें, आणि त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषींनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें १९५६ सालीं उलगडली.

शरीरांत या द्रव्यावांचून अडणारीं कामें दोनच. पण दोन्ही मोठीं. पहिलें असें : फोलेट या दुसऱ्या ‘ब’ जीवनसत्त्वाकडून मिथिल-गट घेऊन तो होमोसिस्टीनच्या हवालीं करावयाचा, म्हणजे त्याचें मिथिओनिन हें उपयुक्त अमिनो-अम्ल बनतें. हें हमालकाम ब-१२ करतें. हमाल आला नाहीं, कीं फोलेट आपलें ओझें घेऊन तसेंच अडकून पडतें, आणि नव्या पेशींचें जनुकद्रव्य घडविण्यास मोकळें फोलेट उरत नाहीं. मग अस्थिमज्जेंतील रक्तपेशी वाढतात, पण वेळेवर विभागत नाहींत. दुसरें काम कांहीं स्निग्धाम्लांचे व अमिनो-अम्लांचे अवशेष शक्तिनिर्मितीच्या मार्गास लावण्याचें. ब-१२ च्या उणिवेनें मज्जातंतूंवरील स्निग्ध वेष्टणहि झिजूं लागतें.

फोलेटच्या शोधाचा आरंभ मुंबईंतला, हें आपल्याकडे फारसें कोणी सांगत नाहीं. डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं तेथें आल्या आणि गिरण्यांतील गरोदर कामकरी स्त्रियांचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानें हटतो, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. तें गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट.

खरी फसगत येथेंच आहे. घरांत कोणी फिकट दिसूं लागलें, कीं फोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू होतात. गोळींतील हें द्रव्य हमालाची वाट न पाहतां पेशींस मिळतें. रक्त सुधारतें, घरच्यांस हायसें वाटतें, आणि मज्जातंतूंची झीज मात्र आंतून चालूच राहते. (गरोदर स्त्रीनें फोलिक ॲसिड टाळावें, असा याचा अर्थ मुळींच नव्हे, सोबत ब-१२ हि पाहावें, एवढाच.) यकृतांतील सांठा कांहीं वर्षें पुरत असल्यामुळें उणीव हळूहळू येते. आजोबांच्या पायांस मुंग्या येतात, अंधारांत तोल जातो, आजींना विसर पडतो. आणि घर ‘वय झालें’ म्हणून सोडून देतें. सर्वच विसर याच्या पोटीं येत नाहीं. पण जो येतो तो वेळीं ओळखल्यास सुधारूं शकतो, व उशीर झाल्यास कायमचा राहूं शकतो. वृद्धांचें जठर अम्ल कमी करतें, म्हणून अन्नांतील ब-१२ नीट सुटत नाहीं. मधुमेहावरील मेटफॉर्मिन व पित्तशामक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांतहि शोषण घटतें.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुणें शहर व आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध केली, तींत सुमारें दोनतृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळलें. पेलाभर दुधांत तें सुमारें एक मायक्रोग्रॅम असतें. साजूक तुपांत नाहीं, मोडाच्या कडधान्यांतहि नाहीं. चहांतील दोन चमचे दूध हें दूध पिणें नव्हे. मुलांना व पुरुषांना वाटून झाल्यावर भांड्याच्या तळाशीं काय उरतें, तें सुनांना विचारावें; कारण अंगावर पाजणाऱ्या मातेंत ही उणीव असली, तर तिच्या दुधांतहि ब-१२ कमी उतरतें आणि तान्ह्याची वाढ खुंटते.

रक्ततपासणीनें उणीव कळते, व डॉक्टरांच्या सल्ल्यानें सुई किंवा मोठ्या मात्रेची गोळी घेतां येते. औषध मांसाचें असेल, ही वडीलधाऱ्यांची शंका मात्र निराधार आहे. बाजारांतील ब-१२ जंतूंकडूनच मोठ्या टांक्यांत करवून घेतात. कॅप्सूलचें वेष्टण कधीं जिलेटिनचें असतें खरें; तेव्हां ज्यांना तें चालत नाहीं, त्यांनीं साधी गोळी मागावी.