जुन्या छायाचित्राचा जीर्णोद्धार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मालवण, आचरे, देवबाग या किनारपट्टीवरील कौलारू घरांतून भिंतीवरच्या चौकटीत किंवा माळ्यावरच्या पेटीत ठेवलेल्या पूर्वजांच्या छायाचित्रांची जी दुर्दशा झालेली दिसते, तिचा दोष सरसकट काळाच्या माथी मारण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पर्जन्यकाळात येथील हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा 80 च्या वर चढते, आणि ती शेकडा 65 च्या पुढे दीर्घकाळ टिकली की छायाचित्रावरील जिलेटिनाचा थर, जो जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून सिद्ध केलेला असतो, बुरशीचे आयतेच अन्न होऊन बसतो. अशा वेळी ओल्या फडक्याने डाग पुसणे हा अत्यंत घातक उपाय होय. कारण जिलेटिन पाण्याने फुगते, बुरशीने पोखरलेल्या जागी ते विरघळण्याच्या बेतात असते, आणि डागाबरोबर चेहराही फडक्यावर उतरतो. चौकटीच्या काचेला चिकटलेले छायाचित्रही ओढून सोडवू नये. काचेसकटच त्याचे स्कॅन करावे.

कृष्णधवल छायाचित्र कृष्णधवलच स्कॅन करावयाचे, ही समजूत वरकरणी सयुक्तिक वाटते, परंतु ती चुकीची आहे. पिवळा डाग निळा प्रकाश शोषून घेतो आणि तांबडा बहुतांशी परतवतो. म्हणून रंगीत स्कॅन करून त्यातील तांबड्या प्रकाशाचा थर वेगळा काढला, तर तो डाग पुष्कळसा आपोआप मावळतो, आणि आरंभीच रंग टाकून दिले तर ही सोय कायमची हातची जाते. घनतेविषयीही असाच भ्रम आहे. 4 इंच गुणिले 6 इंच आकाराच्या प्रतीला इंचास 600 बिंदू पुरेसे असतात, म्हणजे 2400 गुणिले 3600 बिंदूंची प्रतिमा मिळते. त्याहून अधिक घनतेने बहुधा कागदाचे तंतूच मोठे दिसतात. मूळ निगेटिव्ह हाती असेल तर गोष्ट निराळी.

सर्वांत अनर्थकारक समज मात्र असा, की पुसट झालेला चेहरा संगणक परत आणतो. जे तपशील कागदावर उरलेच नाहीत ते कोणत्याही यंत्राला सापडणे शक्य नाही. यंत्र लाखो परक्या चेहऱ्यांच्या अभ्यासावरून एक संभवनीय चेहरा रचते. 2020 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी अवघ्या 16 गुणिले 16 बिंदूंच्या प्रतिमेपासून स्पष्ट चेहरा घडविणारी ‘पल्स’ नावाची प्रणाली प्रसिद्ध केली, तेव्हा बराक ओबामा यांच्या अंधुक चित्रातून तिने एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा निर्माण केला, हे उदाहरण जगभर गाजले. आपल्या घरच्या चित्रात हीच फसगत अधिक सूक्ष्म रूपाने होते: पणजीच्या हनुवटीवरचे गोंदण यंत्राच्या लेखी डाग ठरते आणि साफ पुसले जाते. चित्र उजळलेले पाहून मंडळी हरखून जातात. पण तिला पाहिलेली एखादी वृद्धा शांतपणे म्हणते, ‘ह्यां तोंड तिचां न्हय.’

हा अभिप्राय कोणत्याही स्तुतीहून मोलाचा मानला पाहिजे, आणि तो मागण्याचीही एक रीत आहे. ‘कसे झाले?’ असे विचारले तर ‘छान’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी मूळ प्रत व दुरुस्त प्रत मोठ्या आकारात शेजारी ठेवून नेमके विचारावे, की काकी, गालावर तीळ होता का, नथ कोणत्या बाजूला होती, समोरचे दोन दात असेच होते का. नथ डाव्या नाकपुडीत घालण्याची रीत असल्याने ती उजवीकडे दिसली, तर निगेटिव्ह उलटी स्कॅन झाल्याचा संशय घ्यावा आणि वस्त्राची ठेवण, केसांचा भांग यांवरून खातरजमा करून घ्यावी.

रंग भरण्याच्या हौसेतही हीच सावधगिरी हवी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वापरात असलेल्या निगेटिव्हच्या बऱ्याच काचा व फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ अंध होत्या. त्यामुळे कपाळीचे कुंकू आणि लाल शालू त्यांत काळेभोर उमटत, आणि आजचे यंत्र त्यांना बेधडक काळा वा गडद निळा रंग देऊन मोकळे होते. निळ्याला त्याच काचा अतिसंवेदनशील असल्याने आकाश पांढरेफटक येई. म्हणून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या एखाद्या जुन्या चित्रात तटामागे कोरे आकाश दिसले, तर तेथील ढग विटून गेले असे समजून नवे ढग भरणे म्हणजे त्या दिवसाविषयी खोटी साक्ष देणे होय.

तलाठ्याच्या दफ्तरात जमिनीचा प्रत्येक फेरफार तारीखवार नोंदविण्याचा जो शिरस्ता आहे, तोच येथे पाळावा: मूळ स्कॅन टिफ स्वरूपात अस्पर्शित ठेवून त्याच्या प्रतीवर काम करावे, आणि काय पुसले, काय जोडले, कोणाच्या सांगण्यावरून, हे सोबत लिहून ठेवावे. अनुमानाने भरलेला भाग तसा नमूद असावा. स्कॅन झाले म्हणून अस्सल प्रत टाकून देणे मात्र सर्वथा अनुचित. पुढे अधिक चांगले स्कॅन तिच्यावरूनच करता येईल, आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेले नाव किंवा मुंबईच्या एखाद्या स्टुडिओचा शिक्का हाही त्या दस्तऐवजाचाच भाग असल्याने मागील बाजूचेही स्कॅन करून ठेवावे. प्रत आम्लरहित कागदात गुंडाळून बाहेरच्या भिंतीपासून व चुलीच्या धुरापासून दूर, कोरड्या कपाटात ठेवावी, आणि पावसाळा सरताच उघडून बुरशी वा कसर लागली आहे का हे पाहावे.