नव्वद सेकंदांची विद्या

विमान धावपट्टीच्या टोकाशी येऊन थांबतं. आतापर्यंत हसून स्वागत करणारी, बॅगा वर ठेवायला हात लावणारी मुलगी दाराजवळच्या घडीच्या आसनावर, म्हणजे जंपसीटवर, बसते. खांद्यावरचे पट्टे आवळते, पाठ आणि डोकं टेकवते, तळहात मांड्यांखाली घेते आणि गप्प होते. तिच्या डोक्यात मात्र उजळणी चालू असते. माझं दार कोणतं? ते कसं उघडायचं? अग्निशामक कुठे आहे? चालता न येणारे आजोबा कोणत्या रांगेत बसलेत? मदतीला हाक मारावी असा धडधाकट प्रवासी कोण? आणि वेळ आलीच, तर पहिली आज्ञा कोणती ओरडायची? केबिन क्रूच्या बोलीत याला ‘सायलेंट रिव्ह्यू’ म्हणतात. उड्डाणाची पहिली तीन मिनिटं आणि उतरण्याआधीची शेवटची आठ मिनिटं सर्वांत जोखमीची मानली जातात. म्हणून ही उजळणी दर उड्डाणाला आणि दर उतरण्याला नव्याने करायची, कालच केली होती हे कारण चालत नाही.

ही अर्ध्या मिनिटाची उजळणी जमावी म्हणून आधी कित्येक आठवडे कडक प्रशिक्षण झालेलं असतं. या प्रशिक्षणाबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. चालायचं कसं, अंबाडा कसा बांधायचा, ट्रे कोणत्या बाजूने पुढे करायचा, एवढंच तिथे शिकवतात असं कित्येकांना वाटतं. तेही शिकवतात. पण नियमांच्या पुस्तकात केबिन क्रूची जागा जेवण वाढण्यासाठी राखलेली नाही. प्रवाशांच्या दर ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू हवा, हा जगभर मान्य झालेला आणि आपल्या डीजीसीएनेही, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही, घालून दिलेला हिशेब सुरक्षेचा आहे. विमानात खाद्यपदार्थांचा कणही नसेल, तरी उड्डाण होऊ शकतं. पुरेसे केबिन क्रू नसतील, तर होऊ शकत नाही.

परिचारिकांपासून सुरुवात

१५ मे १९३० रोजी एलन चर्च ही अमेरिकी परिचारिका बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानातून सॅन फ्रान्सिस्कोकडून शिकागोला निघाली. ती जगातली पहिली एअर होस्टेस. तिला खरं तर वैमानिक व्हायचं होतं. ते दार बंद निघाल्यावर तिने कंपनीला सुचवलं की विमानात परिचारिका ठेवा, लोकांची भीती कमी होईल. सुरुवातीच्या आठही जणी परिचारिकाच होत्या. पुढे जेट विमानं आली, जाहिराती आल्या, आणि या नोकरीला झगमगाट चिकटला. पण जेट विमानांनी आणखी एक गोष्ट आणली. शेकडो माणसं आणि हजारो लिटर इंधन एकाच नळकांड्यात बसवलं की अपघातात जमिनीवर सुखरूप टेकणं पुरेसं होत नाही. त्यानंतर बाहेर पडायला किती वेळ लागतो, यावर जगणं-मरणं ठरतं.

म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेने नियम केला. आधी मर्यादा १२० सेकंदांची होती, १९६७ मध्ये ती ९० सेकंदांवर आणली गेली. नवं विमान बाजारात आणायचं, तर ते भरलेलं असताना ९० सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं, तेही अंधारात आणि निम्मेच दरवाजे वापरून. कोणते दरवाजे बंद राहणार हे आधी सांगत नाहीत. वाटेत उशा, पांघरुणं, बॅगा टाकून ठेवतात. प्रवाशांत किमान ४० टक्के स्त्रिया आणि ३५ टक्के पन्नाशीपुढची माणसं हवीत, शिवाय तान्ह्या बाळांच्या जागी तीन बाहुल्या. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए-३८० ची अशी चाचणी झाली, तेव्हा ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर आले. यंत्र आपल्या परीने तयार असतं. उरलेलं काम त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाचं.

दार, स्लाइड आणि आवाज

नव्या बॅचचा सर्वांत महत्त्वाचा विषय म्हणजे एसईपी, म्हणजे सुरक्षा आणि आणीबाणीच्या कार्यपद्धती. त्यासाठी प्रशिक्षण केंद्रात विमानाच्या केबिनची हुबेहूब प्रतिकृती असते. त्यातली दारं खरी उघडतात, धूर खरा भरतो, आसनं हादरतात. ट्रेनी पहिल्यांदा दाराला हात लावतो तेव्हा त्याचं वजन आणि अडखळणं त्याला कळतं. दारही प्रत्येक विमानाचं वेगळं. ए-३२० ला स्लाइड, म्हणजे दारातून बाहेर फुगणारी घसरगुंडी, तयार ठेवण्यासाठी एक तरफ फिरवायची असते. बोइंग ७३७ ला स्लाइडचा दांडा वाकून जमिनीवरच्या खाचांत हाताने अडकवावा लागतो. हे काम विसरलं, तर आणीबाणीत दार उघडेल पण स्लाइड फुगणार नाही. उलट थांबलेल्या विमानात तो दांडा काढायचा राहिला, तर दार उघडताच स्लाइड फट्कन बाहेर येईल आणि खाली उभ्या माणसाला इजा करील. ‘आर्म’ आणि ‘क्रॉस चेक’ ही घोषणा आपण रोज ऐकतो ती यासाठी. एकाने करायचं, दुसऱ्याने ते डोळ्यांनी पाहून खात्री करायची.

दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर बघायचं, हा पहिला धडा. बाहेर आग असेल तर ते दार उघडायचं नाही, लोकांना दुसऱ्या दाराकडे वळवायचं. मग आज्ञा. पट्टे सोडा, सामान ठेवा, इकडे या, उडी मारा. ही वाक्यं मुद्दाम तोकडी ठेवलेली असतात आणि ट्रेनींकडून ती घसा बसेपर्यंत ओरडून घेतली जातात. घरी ‘हळू बोल’ ऐकत वाढलेल्या मुलीला पहिल्या दिवशी हे जड जातं. पण घाबरलेला जमाव विनंती ऐकत नाही, ठाम आज्ञा ऐकतो. काही माणसं दाराशी येऊन थिजतात. त्यांना ढकलावंसुद्धा लागतं, आणि ढकलताना स्वतः बाहेर जाऊ नये म्हणून एका हाताने दाराजवळची मूठ घट्ट धरावी लागते. तेवढी मूठ सुटली तरी परीक्षक पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात.

हा कडकपणा कुठून आला, हे इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या अपघातातून कळतं. २२ ऑगस्ट १९८५ रोजी तिथल्या विमानतळावर ब्रिटिश एअरटूर्सचं ७३७ उड्डाणासाठी धावत असताना इंजिन फुटलं आणि आग लागली. विमान हवेत गेलंच नव्हतं, ते धावपट्टीजवळ जमिनीवर उभं होतं. तरीही ५५ माणसं गेली, त्यात मागच्या भागातल्या दोन एअर होस्टेस होत्या. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नाही, विषारी धुराने घेतला. त्यानंतर आसनांचं कापड बदललं, जमिनीलगत वाट दाखवणारे दिवे आले, पंखांवरच्या दारांजवळची जागा रुंद झाली. आणि केबिन क्रूच्या प्रशिक्षणात धूर हा स्वतंत्र, गंभीर विषय झाला. आज प्रत्येक ट्रेनी धुराने भरलेल्या खोलीत तोंडावर धूररोधक टोप चढवून रांगत जातो, हाताने आसनं चाचपत माणूस शोधतो. अग्निशामक प्रत्यक्ष आगीवर मारून पाहतो. मोबाईलची लिथियम बॅटरी पेटली तर ज्वाळा विझवून थांबायचं नाही, पाणी ओतत ती थंड करत राहायचं, हेही शिकतो. बर्फ ठेवायचा नाही, कारण बर्फाच्या थरामुळे उष्णता आतच कोंडते.

पाण्याचा धडाही असाच महागात मिळालेला आहे. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळलं. त्यात कित्येकांनी लाइफ जॅकेट आतच फुगवलं, पाणी भरल्यावर ते छताशी तरंगत अडकले आणि बाहेर पडू शकले नाहीत. ‘जॅकेट विमानाबाहेर पडतानाच फुगवा’ हे वाक्य आपण अर्धवट ऐकून सोडून देतो. ट्रेनी ते तलावात उतरून शिकतो.

गप्प न बसण्याचं शिक्षण

शरीराला वळण लावणं तुलनेने सोपं. वरिष्ठाला टोकायला शिकवणं अवघड. १९८९ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं विमान पडलं, ४७ माणसं मेली. बिघाड डाव्या इंजिनात होता, वैमानिकांनी बंद केलं उजवं. कॅप्टनने उजव्या इंजिनाचा उल्लेख ध्वनिक्षेपकावरून केला होता. मागे बसलेल्या प्रवाशांनी आणि केबिन क्रूपैकी काहींनी डाव्या बाजूच्या ज्वाळा पाहिल्या होत्या. पण ‘त्यांना ठाऊक असेलच’ असं धरून कोणी पुढे जाऊन सांगितलं नाही. त्याच वर्षी १० मार्चला कॅनडात ड्रायडन इथे पंखांवर बर्फ साचलेलं विमान उडालं आणि लगेच कोसळलं. पंखांवरचा बर्फ एअर होस्टेसलाही दिसला होता, पण तीही बोलली नाही.

या दोन अपघातांनंतर केबिन आणि कॉकपिट यांच्यातली भिंत हा प्रशिक्षणाचा विषय झाला. आता वैमानिक आणि केबिन क्रू एकत्र बसून सीआरएमचे, म्हणजे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’चे, वर्ग करतात. कालच रुजू झालेल्या मुलीलाही सांगितलं जातं: काही वेगळं दिसलं, ऐकू आलं, वास आला, तर बोल. तू चुकीची ठरलीस तरी चालेल, गप्प बसलेली चालणार नाही. थोरांपुढे बोलू नये असं शिकवणाऱ्या घरांतून आलेल्या मुलामुलींसाठी हा धडा दार उघडण्यापेक्षा मोठा आहे. मला वाटतं, या प्रशिक्षणाचं सर्वांत मौल्यवान फळ तेच.

कडकपणा कशासाठी हवा, कशासाठी नको

नोकरी लागल्यावर परीक्षा संपत नाही. एसईपीची उजळणी दरवर्षी द्यावी लागते, नापास झालं तर उड्डाण बंद. उड्डाणाच्या बारा तास आधीपासून मद्याचा थेंब चालत नाही. उड्डाणापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये वरिष्ठ कोणालाही कोणताही प्रश्न विचारू शकतात. ऑक्सिजनची बाटली किती वेळ पुरेल? घास अडकलेल्या बाळाला कसं धरायचं? उत्तर आलं नाही तर त्या विमानातून उतरावं लागू शकतं.

पण सगळाच कडकपणा समर्थनीय नसतो, हेही इथे सांगायला हवं. एअर इंडियाचं मुख्यालय मुंबईत असताना तिच्या नियमांनुसार एअर होस्टेस ३५ व्या वर्षी निवृत्त व्हायची. रुजू झाल्यापासून चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जायची, पहिल्या गरोदरपणातही जायची. विमानात बरोबरीने राबणारे पुरुष सहकारी मात्र ५८ पर्यंत नोकरीत राहायचे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट मनमानी ठरवून रद्द केली. चार वर्षांची लग्नाची अट मात्र तेव्हा टिकली. दार उघडण्याची ताकद, वरच्या कप्प्यातल्या उपकरणापर्यंत पोचणारा हात, धुरात न डगमगणारं मन, या अपेक्षा कामातून येतात. वय, लग्न आणि गर्भाशय यांवरचे नियम दुसऱ्याच कुठल्या तरी दृष्टीतून आले होते. पहिल्या प्रकारचा कडकपणा आणखी वाढवावा, दुसऱ्याची शिल्लक राहिलेली रूपं शोधून काढून टाकावीत.

कसोटीच्या वेळी

५ सप्टेंबर १९८६. मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं ७३ क्रमांकाचं विमान पहाटे कराचीत उतरलं आणि सुरक्षारक्षकांच्या वेशातले चार सशस्त्र अपहरणकर्ते आत शिरले. केबिन क्रूने कॉकपिटला अपहरणाचा इशारा दिला. ठरलेल्या पद्धतीनुसार वैमानिक छतावरच्या झडपेतून निसटले आणि विमान जमिनीवरच राहिलं. त्यानंतर तासन्‌तास प्रवाशांची जबाबदारी होती नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांवर. मुंबईत शिकलेली, मायामीत प्रशिक्षण घेतलेली नीरजा २२ वर्षांची होती, तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. अमेरिकी प्रवाशांचे पासपोर्ट नीरजा आणि तिच्या सहकाऱ्यांनी लपवले. रात्री विमानातली वीज गेली, गोळीबार सुरू झाला, तेव्हा नीरजाने दार उघडलं. स्वतः आधी बाहेर पडणं तिला शक्य होतं. ती प्रवाशांना बाहेर काढत राहिली आणि मुलांना वाचवताना मारली गेली. भारताने तिला अशोक चक्र दिलं. तिचं धैर्य तिचं स्वतःचंच होतं, ते कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही. पण इशारा कसा द्यायचा आणि दार कसं उघडायचं हे हातात भिनलेलं नसतं, तर त्या धैर्याला वाट मिळाली नसती.

आणि अलीकडचं टोकियो. २ जानेवारी २०२४ रोजी हानेदा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या छोट्या विमानातली पाच माणसं गेली. मोठ्या विमानात ३७९ जण होते आणि ते पेटलेलं होतं. ध्वनिक्षेपक बंद पडला, तेव्हा केबिन क्रूने मेगाफोन हाती घेतला, नुसत्या गळ्यानेही ओरडले. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी होती. मागच्या दाराशी असलेल्या केबिन क्रूचा कॉकपिटशी संपर्क तुटला होता. बाहेरची स्थिती पाहून ते दार उघडण्याचा निर्णय तिथेच, तिच्या पातळीवर घेतला गेला. ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर आली. याच कंपनीचं एक विमान ऑगस्ट १९८५ मध्ये कोसळून ५२० जण मेले होते. त्याचे अवशेष कंपनीने टोकियोत जपून ठेवले आहेत आणि नव्या कर्मचाऱ्यांना ते दाखवले जातात. शिस्त कुठून येते, हे त्यांना तिथे उभं राहून कळतं.

हानेदाच्या यशात प्रवाशांचाही वाटा होता. त्यांनी बॅगा सोडल्या. हे प्रशिक्षण आपल्याला मिळत नाही, पण त्यातला आपला भाग अगदी छोटा आहे. सुरक्षेचं प्रात्यक्षिक सुरू झालं की मोबाईल खाली ठेवावा. सर्वांत जवळचं दार किती रांगांवर आहे ते मोजावं, ते मागेही असू शकतं. आणि कधी ‘सामान ठेवा’ असा आवाज आलाच, तर लॅपटॉप, दागिने, कागदपत्रं, सगळं तिथेच टाकून चालू लागावं. आठवडेच्या आठवडे घसा फोडून शिकलेल्या त्या माणसाला आपल्याकडून त्या क्षणी एवढीच साथ हवी असते.