अंगणातलं चैत्रांगण कापडावर

चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. तेवढा महिना दारात चैत्रांगणाची रांगोळी असते: गौर, तुळशीवृंदावन, गोपद्मं, शंख, कासव, चंद्र-सूर्य. सारवलेलं अंगण नसेल तर गेरूच्या रंगाची खादी घ्या आणि पांढरा दोरा.

कापड आधी पाण्यात भिजवून, धुऊन वाळवा. गेरू-तांबडा रंग हमखास सुटतो आणि पांढरं भरतकाम गुलाबी पडतं. नक्षी पिवळ्या कार्बनने छापा, निळा दिसणारच नाही. लडीतला दोरा सहापदरी असतो. त्यातले दोनच पदर ओवा.

रेघांना साखळी टाका, कमळाच्या पाकळ्यांना लेझी डेझी. ठिपक्यांना मात्र गाठीचाच टाका हवा, रांगोळीच्या चिमटीसारखा उठून दिसतो. सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्या, दोरा ताणून धरा आणि सुई वर आली त्याच्या एका धाग्याशेजारी खाली घाला. त्याच भोकात घातलीत तर गाठ मागे निसटते.

संपूर्ण चैत्रांगण रुमालावर कोंबू नये, गिचमिड होते. रुमालाला कोपऱ्यात एक कासव पुरे. सगळी चिन्हं हौसेने भरायची असतील तर ती गौरीमागच्या पडद्यावर. इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून.