रात्रीचा श्वास आणि पॉलिसीतली व्याख्या

आजचा विषय व्याख्यानमालेला शोभणारा नाही, असं येताना एकदोघांनी मला सांगितलं. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने प्राणावर बोलावं, इथपर्यंत त्यांना मान्य होतं. पण जुनं झालेलं सीपॅप मशीन बदलायचं कसं, विमा कंपनी त्याचे पैसे देते का, विक्रेत्याला काय विचारायचं, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? मला वाटतं, झाला. या सभागृहात घोरणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं तर एकही हात वर येणार नाही. ज्यांच्या शेजारी घोरणारं माणूस झोपतं त्यांनी हात वर करा म्हटलं, तर निम्मं सभागृह वर करील. (हशा)

आधी आजार. ॲप्निया हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ श्वास नसणं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ आणि टाळू मागे सरकतात आणि हवेची वाट बंद होते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. असं दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ झालं की तो एक ॲप्निया. मग रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठा घुरका येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही, आठवतं ते बायकोला. तासाला असे पूर्ण किंवा अर्धवट अडथळे किती येतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी कोणीतरी गळा दाबतंय आणि सोडतंय, रात्रभर. त्यातून रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, आणि दिवसा झोप आवरत नाही. आपल्या भागात हे शेवटचं फार महत्त्वाचं. चाकणहून रात्रपाळी संपवून दुचाकीवर घरी येणारा माणूस नाशिक रस्त्यावर डुलकी घेतो, तेव्हा ती निव्वळ डुलकी राहत नाही.

सीपॅप हा आजार बरा करत नाही. चष्मा डोळे बरे करत नाही, तसंच. मशीन मास्कमधून दाबाने हवा सोडतं आणि त्या हवेच्या टेकूने घसा उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत मांडली. सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणे. आता ते डब्याएवढं झालंय आणि आवाज जवळजवळ नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून बदललेली नाही. हा उपचार घरी होतो, रोज रात्री होतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर चालतो. पुढचा सगळा घोळ या तीन शब्दांतून निघतो, म्हणून ते लक्षात ठेवा : घरी, रोज, जन्मभर.

मशीन मात्र जन्मभर चालत नाही. रेस्मेडच्या एअरसेन्स 10 या खूप चालणाऱ्या मॉडेलच्या पुस्तिकेत मशीनचं अपेक्षित आयुष्य पाच वर्षं दिलंय, नळीचं सहा महिने. आपल्याकडे नळी सहा वर्षं वापरतात. मोटरचे ठरलेले तास संपले की पडद्यावर तसा संदेश येतो. मशीन त्याच रात्री बंद पडतं असं नाही, पण तो संदेश दाबून पुढे जायची सवय लावून घेऊ नका. आवाज वाढणं, सकाळी तोंड कोरडं पडणं, पुन्हा दुपारी पेंग येणं, घरच्यांनी 'परत घोरायला लागलात' म्हणणं, ही सगळी म्हातारं मशीन ओळखायची लक्षणं.

दुसरी एक गोष्ट वयाशी थेट संबंधित नाही, पण जुन्या मशीनलाच लागू आहे. 14 जून 2021 रोजी फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने आपली लाखो यंत्रं परत बोलावल्याचं जाहीर केलं. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासातून आत जाण्याची शक्यता होती. पहिल्या पिढीचं ड्रीमस्टेशन त्यात होतं. तुमच्याकडे 2021 च्या आधीचं या कंपनीचं मशीन असेल, तर खालचा सिरियल नंबर कंपनीकडे तपासून घ्या, आणि तोवर काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने मशीन बंद करून झोपणं हाही धोकाच आहे. आणि पेसमेकरवाल्यांसाठी : काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा असतात. फिलिप्सने 2022 मध्ये आणि रेस्मेडने 2023 मध्ये त्याबद्दल इशारे दिले आहेत. नवा मास्क घेताना चुंबक नसलेला मागा.

आता विमा. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत. मुलगा फोनवर सांगतो, 'बाबा, इन्शुरन्सला सांगा, पाच वर्षं झाली की नवं देतात.' तो खोटं बोलत नाही. तिथल्या मेडिकेअरमध्ये या यंत्राचं आयुष्य पाच वर्षं धरतात आणि नंतर नवं मिळू शकतं. आधी तेरा महिने भाडं भरलं जातं आणि मग यंत्र रुग्णाचं होतं. तुम्ही ते खरंच वापरता का, हेही सुरुवातीला मशीनच्या नोंदीवरून बघतात : रात्री किमान चार तास, महिन्यातल्या सत्तर टक्के रात्री. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा यंत्र वापरायला देते. आपली साधी मेडिक्लेम पॉलिसी यातलं काही करत नाही, आणि का करत नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगतात. गाईची व्याख्या 'तांबूस रंगाचा प्राणी' अशी केली तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'शिंगं असलेला प्राणी' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'एका खुराचा प्राणी' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. आता पॉलिसी उघडा. तिच्यात उपचाराचं मूळ लक्षण काय? रुग्णालयात दाखल होणं, सलग चोवीस तास. मोतीबिंदूसारख्या काही गोष्टींना त्यातून सूट आहे. म्हणजे जो उपचार घरी, रोज आणि जन्मभर होतो, तो व्याख्येतच बसत नाही. ही शुद्ध अव्याप्ती. कंपनी दुष्ट आहे म्हणून नव्हे, गाय पांढरी आहे म्हणून ती बाहेर राहते. (हशा)

हे किती लांब जातं बघा. झोपेच्या तपासणीसाठी तुम्ही एक रात्र रुग्णालयात झोपलात, तरी 'केवळ तपासणीसाठी दाखल' या वगळणुकीत ते बसू शकतं. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2019 साली या वगळण्याच्या अटींची भाषा एकसारखी केली. त्यातल्या लठ्ठपणाच्या कलमात स्लीप ॲप्नियाचं नाव स्पष्ट आहे. बीएमआय 35 किंवा जास्त असेल आणि सोबत तीव्र स्लीप ॲप्निया असेल, तर बाकीच्या अटी पाळून वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया विम्यात येऊ शकते. याचा अर्थ नीट ऐका. त्याच आजारासाठी पोट कापून घेतलंत तर काही लाख मिळू शकतात, पण नाकावर मास्क लावून घरी झोपलात तर काही नाही. नियामकाच्या याद्यांमध्ये सीपॅपचं नावही आहे, पण कुठे? रुग्णालयाने उपचाराच्या खर्चातच धरायच्या वस्तूंमध्ये. आणि मास्क? तो न मिळणाऱ्या वस्तूंमध्ये, थर्मामीटरच्या पंगतीत.

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांच्या भांडणाची गोष्ट आहे. श्रेष्ठ कोण हे ठरवायला एकेक इंद्रिय वर्षभर शरीर सोडून जातं. वाणी जाते, माणूस मुका जगतो. डोळे जातात, आंधळा जगतो. कान जातात, मनही जातं, तरी गाडं चालतं. प्राण मात्र नुसता निघायला लागतो आणि बाकीची सगळी मुळासकट उपटली जातात. तेव्हा सगळे त्याला म्हणतात, तूच आमच्यात श्रेष्ठ. आपल्या पॉलिसीत डोळ्याला पैसे आहेत, गुडघ्याला आहेत. प्राणाचं काय, असं विचारलं तर उत्तर येतं : दाखल कधी होताय? (हशा, टाळ्या)

मग करायचं काय? पहिलं म्हणजे आपण कोणत्या छत्रीखाली आहोत ते बघायचं. केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना सीजीएचएसमध्ये, आणि आपल्या देहूरोडकडच्या माजी सैनिकांना ईसीएचएसमध्ये, डॉक्टरांच्या शिफारशीने आणि पूर्वपरवानगीने हे यंत्र मिळण्याची सोय आहे, किमतीच्या मर्यादेत. यात 'पूर्व' हा शब्द महत्त्वाचा. आधी यंत्र घेऊन मग परवानगी मागू नका. जे कामगार राज्य विमा योजनेत आहेत, म्हणजे ईएसआयमध्ये, त्यांनी मोहननगरच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी. किमान पाच वर्षं विमेदार राहून वयोमानाने निवृत्त झालेल्यांना वर्षाला 120 रुपये भरून पती-पत्नींसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. हे आपल्या पट्ट्यात कितीतरी जणांना ठाऊक नसतं.

जे अजून मोठ्या कंपनीत नोकरीला आहेत, त्यांनी गटविम्याची प्रत मनुष्यबळ विभागाकडून मागून घ्यावी. काही गटविम्यांत ओपीडीची किंवा उपकरणांची वेगळी रक्कम असते. निवृत्तीला दोन वर्षं असतील आणि मशीन सहा वर्षांचं असेल, तर आत्ताच विचारा. निवृत्तीच्या दिवशी गेटपाससोबत ही पॉलिसीही बहुधा जमा होते.

स्वतःची पॉलिसी असेल तर ग्राहक माहिती पत्रक मागा. 1 जानेवारी 2024 पासून ते नव्या स्वरूपात देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि तुम्ही म्हणालात तर स्थानिक भाषेत. म्हणजे मराठीत मागा. काही नव्या पॉलिसींना टिकाऊ वैद्यकीय उपकरणांची जोड घेता येते. तिच्यात यंत्रांची नावं लिहिलेली असतात आणि थांबायचा काळ असतो. आधीपासूनच्या आजारासाठी हा काळ आता जास्तीत जास्त 36 महिने आहे. त्यामुळे आज जोड घेतली तर ती आजच्या मशीनसाठी नव्हे, पुढच्या मशीनसाठी. आणि ॲप्निया आहे हे फॉर्मवर लिहा. एजंट म्हणेल, 'घोरणं काय लिहायचं, सर!' तरीही लिहा.

खरेदीच्या आधी कंपनीला लेखी विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. नकार देताना पॉलिसीतल्या कोणत्या अटीमुळे नकार, ते कंपनीने सांगितलं पाहिजे. 2024 पासून हा नियम स्पष्ट आहे. सोबत चार कागद : झोपेच्या तपासणीचा अहवाल, डॉक्टरांचं पत्र, जुन्या मशीनच्या वापराची नोंद, आणि मशीन खराब झाल्याचा सर्व्हिसवाल्याचा शेरा. यातली वापराची नोंद आपण सगळे विसरतो. मशीनच्या कार्डात तुमची प्रत्येक रात्र लिहिलेली असते. हजारभर रात्री तुम्ही मास्क लावून झोपलात, याहून मोठं प्रमाण कोणतं?

नकार पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. ते कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. माझं मत स्पष्ट सांगतो. पॉलिसीत यंत्र सरळ वगळलेलं असेल तर तिथे जाऊन उपयोग नाही. लोकपाल करार वाचतात, आपली कीव करायला बसलेले नाहीत. शब्द संदिग्ध असेल, जोड घेऊनही नकार आला असेल, तर मात्र जरूर जा.

विक्रेत्यांबद्दल थोडक्यात. डब्यावरची छापील किंमत मोठी आणि तिच्यावर 'तुमच्यासाठी म्हणून' मोठी सूट, हे नाटक सगळीकडे चालतं. छापील किंमत बघूच नका, तीन ठिकाणचे अंतिम दर लेखी घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा यंत्रांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, तो दरात उतरलाय का ते विचारा. मला एका विक्रेत्याने पहिल्या भेटीतच बायपॅप घ्या म्हणून सांगितलं. ते महाग असतं आणि त्याची गरज वेगळ्या रुग्णांना असते. मी विचारलं, 'हे डॉक्टरांनी लिहिलंय का?' तो म्हणाला, 'सर, कम्फर्ट जास्त.' कम्फर्ट कोणाला, हे मी विचारलं नाही. (हशा) यंत्राचा प्रकार आणि दाब डॉक्टर लिहून देतील तेच घ्यायचं. बिलावर रुग्णाचं नाव आणि सिरियल नंबर हवा. दुरुस्ती पिंपरी-चिंचवडमध्ये होते की यंत्र मुंबईला जातं, आणि तेवढे दिवस बदली यंत्र देता का, हे पैसे देण्याआधी विचारायचं.

(श्रोत्यांतून प्रश्न : विमाच नसेल तर?)

ज्यांचं वय साठ किंवा जास्त आहे आणि ज्यांचा आरोग्यविमा नाही, त्यांना जुन्या करपद्धतीत वर्षाला 50,000 रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते. रोखीने दिलेला खर्च धरत नाहीत. म्हणून चेक किंवा ऑनलाइन. आपल्या सीएला आधी विचारा.

(प्रश्न : जुनं मशीन शेजाऱ्यांना दिलं तर चालेल?)

शेजाऱ्यांची तपासणी झाली आहे का? (श्रोते : नाही.) मग नाही. तुमचा दाब त्यांना लागू नाही. तपासणी झालेली असेल, डॉक्टरांनी त्यांचा दाब लावून दिला, मशीन परत बोलावलेल्यांपैकी नसेल, आणि मास्क, नळी, फिल्टर नवे असतील, तर द्या. मी माझं जुनं मशीन तूर्त कपाटात ठेवलंय. नवं दुरुस्तीला गेलं की चार रात्री काढायला.