व्याकरणाला भिऊ नका!

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकू दिले नाही. फारशी घ्यावी लागली. पुढे त्यांनीच पाली भाषेचे व्याकरण लिहिले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६व्या खंडात प्रसिद्ध केले. मग त्यांच्या लेकरांनी व्याकरणाला का भ्यावे?

भाईंदरच्या कुठल्याही कामगार घरातले हे वाक्य पाहा : ‘थकलेली आई लोकलने आली, ती लगेच कामाला लागली.’ आई, लोकल, काम ही नामे. ‘थकलेली’ हे विशेषण. ‘आली’, ‘लागली’ ही क्रियापदे. ‘लगेच’ हे क्रियाविशेषण. आईऐवजी आलेले ‘ती’ हे सर्वनाम. पालीत त्यालाच ‘सब्बनाम’ म्हणतात.

अलंकारही दूर नाहीत. आपल्याकडची मिठागरे आठवा. ‘मिठाचा ढीग डोंगरासारखा दिसतो’ ही उपमा. ‘ढीग म्हणजे जणू डोंगरच’ ही उत्प्रेक्षा. ‘हा ढीग पांढरा डोंगर आहे’ हे रूपक. इथे दोन्ही एकच मानले.

पालक बंधू-भगिनींनो, आमची एकच विनंती आहे. रोज घरातलेच एक वाक्य घ्या आणि मुलांकडून त्याची फोड करून घ्या. तुमचे शिक्षण कमी असेल, पण वाक्य तुमचेच असेल. व्याकरण ही कुणाची मिरासदारी नाही.