कोणता क्लब बुडणार, ते वही सांगते

चिखलदऱ्यात पावसाळा म्हणजे सीझन. शनिवार-रविवारी गाड्या घाट चढतात, सोमवारी गल्ला रिकामा. अशाच एका सोमवारी चहाच्या टपरीवर वाद रंगला, तो फुटबॉलचा. येत्या मोसमात कोणता क्लब अडचणीत येणार? तरुण मंडळी खेळाडूंची नावे घेत होती. आम्ही म्हटले, आधी पगार कोण देतो ते पाहा.

जेसीटीने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. २०११ मध्ये संघ बंद. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला हीच लीग जिंकली आणि २०१० मध्ये मालक कंपनीनेच संघ मोडला. खेळ वाईट नव्हता, खर्च एकाच खिशातून होत होता. गोव्याचे धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग २०१६ मध्ये आय-लीग सोडून गेले, त्यांचे दुखणे वेगळे. आपली लीग दुय्यम ठरणार, हे त्यांना दिसले होते.

मोहम्मडन स्पोर्टिंगचे नाव निघाले तेव्हा टपरी गप्प झाली. १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकणारा हा क्लब २०२४-२५ ला इंडियन सुपर लीगमध्ये आला आणि तेरा संघांत शेवटचा राहिला. त्याच मोसमात खेळाडूंचे पगार थकले. मजुरी थकली की कारागीर आधी हात आखडतो, मग दुसरे दुकान शोधतो. खेळाडूचेही तसेच. म्हणून ज्याची जुनी देणी फिटलेली नाहीत, त्याचा पुढचा मोसम कठीण, एवढाच आमचा अंदाज.

"शर्त लावता का, चाचा?" एकाने विचारले. शर्त आम्ही लावत नाही. चहाचे पैसे मात्र आम्हीच दिले.