इंद्रवेल्लीचा सोमवार

आदिलाबादहून हैदराबादच्या हमरस्त्याला लागलं की गुडिहत्नूरपाशी उटनूरचा फाटा फुटतो. त्याच रस्त्यावर इंद्रवेल्ली आहे. सोमवारी इथं आठवडी बाजार भरतो. दुकानांच्या पाट्या तेलुगूत. पण मिरच्यांचा, कांद्यांचा भाव विचारला जातो तो गोंडीत, तेलुगूत आणि मराठीतही. गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या परधानांची तर घरची बोलीच मराठी. पैनगंगा ओलांडून आलेल्या माणसाला इथं परकं वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. १९५६ पर्यंत आपले किनवट आणि राजुरा हे तालुके याच आदिलाबाद जिल्ह्यात होते.

२० एप्रिल १९८१ हा दिवसही सोमवारच होता. गिरिजन रयतू कुली संघम या संघटनेनं त्या दिवशी इंद्रवेल्लीत सभा ठेवली होती. मागण्या जुन्याच होत्या: बळकावलेल्या जमिनी परत द्या, कसत असलेल्या जमिनीचे पट्टे द्या, जंगलमालाला नीट भाव द्या. सभेला आधी परवानगी मिळाली, मग ती रद्द झाली आणि जमावबंदी लागू झाली. पण डोंगरातल्या गुड्यांवरून, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरून, पहाटेच निघालेल्या माणसाला हा हुकूम कोण सांगणार? कोणी सभेला निघालं होतं, कोणी नुसतं मीठमिरची घ्यायला. पोलिसांनी अडवलं, झटापट झाली आणि गोळीबार सुरू झाला. सुरुवात कशावरून झाली, हे दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात. एक शिपाईही त्या दिवशी मारला गेला. सरकारी कागदावर मेलेले आदिवासी तेरा. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्यांनी सांगितलेला आकडा साठच्या वर, आणि गावोगावच्या तोंडी हिशेबात तो याहून बराच मोठा. चार दशकं उलटली, तरी आकडा एक झालेला नाही.

गोळी का सुटली हे समजून घ्यायचं तर जमिनीकडे पाहावं लागतं, आणि मराठी वाचकानं तर पाहायलाच हवं. याच डोंगरांत, जोडेघाटला, ऑक्टोबर १९४० मध्ये, निजामाविरुद्ध उठाव करणारा गोंड नेता कोमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. त्याची जल, जंगल, जमीन ही घोषणा आज देशभर ऐकू येते. हा उठाव का झाला, याचा शोध घ्यायला निजाम सरकारनं ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो मारलवाईत गोंडांच्या शेजारी राहिला. त्याच्या प्रयत्नांतून हजारो आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळाले, गोंडी शिकवणारे शिक्षक तयार झाले. तोच माणूस सत्तरच्या दशकात परत आला, तेव्हा त्याला दिसलं की पट्ट्याच्या जमिनी पुन्हा हातच्या गेल्या आहेत. सावकाराचं कर्ज, खोटे अंगठे आणि बाहेरून आलेल्या कास्तकारांचा रेटा. हा रेटा तेलुगू मुलखातून जसा आला, तसाच पैनगंगेच्या आपल्या बाजूनंही आला. काळी जमीन कापसाची, आणि कापूस आपल्याला चांगला ठाऊक.

कायदा नव्हता असं नाही. १९७० चा, तिकडे ‘वन ऑफ सेवंटी’ म्हणून ओळखला जाणारा नियम स्पष्ट सांगत होता की अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर आदिवासीच्या नावावर चढूच शकत नाही. त्याहून पुढं जाऊन, बिगर आदिवासीकडे असलेली जमीन मूळची आदिवासीचीच धरायची, तसं नसेल तर त्यानं सिद्ध करावं. इतका आदिवासीच्या बाजूचा कायदा देशात विरळाच. पण तो कागदावरून बांधावर उतरेना. इंद्रवेल्लीची सभा हा कायदा मोडायला भरत नव्हती. कायदा पाळा म्हणून भरत होती. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त सलते.

त्या संघटनेमागे नक्षलवादी पक्ष होता, हेही लपवायचं कारण नाही. इंद्रवेल्लीनंतर इथली कितीतरी तरुण पोरं जंगलात गेली, हातात बंदुका घेतल्या, आणि पुढची दोन-तीन दशकं दोन्हीकडची माणसं मरत राहिली. बंदुकीला बंदुकीनं उत्तर देण्याची वाट या जिल्ह्यानं पुरेपूर चालून पाहिली आहे. म्हणून त्याच काळात ज्यांनी दुसरी वाट धरली, त्यांच्याबद्दल मला आज लिहायचंय.

इंद्रवेल्लीत मेलेल्यांसाठी १९८३ च्या सुमारास एक उंच स्तूप उभा राहिला. १९८६ मध्ये तो सुरुंगानं उडवला गेला. आदिवासींनी तो पुन्हा मागितला. मागणी इतकी लावून धरली की सरकारच्याच आदिवासी विकास यंत्रणेला तो पुन्हा बांधावा लागला. पण दरवर्षी २० एप्रिल जवळ आला की जमावबंदी लागायची, वाटांवर पोलीस उभे राहायचे. आपल्या बापाला, आजीला वाहायचं फूल हातात घेऊन माणसानं चौकीवर उभं राहायचं आणि परत फिरायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. नव्वदीच्या दशकात ‘तुडुम देब्बा’ ही आदिवासी हक्कांची संघटना उभी राहिली. तुडुम म्हणजे नगारा, देब्बा म्हणजे ठोका. तिच्यातले तरुण आणि गोंडांच्या पारंपरिक पंचायती, म्हणजे रायसेंटर, यांनी ही मागणी सोडली नाही. मागणी एवढीच होती की आमच्या मेलेल्यांपाशी आम्हाला उभं राहू द्या.

दूर देशातली एक गोष्ट इथं आठवते. अमेरिकेत पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ ला गोळीबारात सतरा जणांचा बळी गेला. महिनाभरानं, २४ मार्चला, त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा काढला. त्यातल्या एका विद्यार्थी वक्त्यानं मेलेल्यांची नावं घेतली आणि मग गप्प उभं राहून सहा मिनिटं वीस सेकंद पूर्ण केली. गोळीबार तेवढाच वेळ चालला होता. ती शांतता जगानं पाहिली. तिथल्या मुलांकडे सतरा नावं होती, फोटो होते, घड्याळाचा हिशेब होता. इंद्रवेल्लीच्या पोरांना नावांची यादीच आधी गोळा करावी लागली, घरोघरी जाऊन, म्हाताऱ्यांना विचारून. कारण कित्येक प्रेतं घरच्यांच्या हाती आलीच नाहीत असं गावं सांगतात, आणि नाव सांगितलं तर पुन्हा पोलीस दारात येतील ही धास्ती होती.

बंदूक कोणाच्या हातात आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. डिसेंबर २०२० मध्ये आदिलाबाद शहरातच, मुलांच्या क्रिकेटच्या भांडणात एका स्थानिक पुढाऱ्यानं परवान्याचं पिस्तूल काढलं. तिघे जखमी झाले, त्यातले एक दगावले. गुन्हा नोंदला, खटला चालला, जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेप झाली. तेरा महिन्यांत निकाल. याचं समाधान वाटतंच. पण बंदूक सरकारी असेल तर? चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूचा गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास करायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलं ते सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि तेही मुंबईतल्या चकमकींविरुद्ध नागरी हक्क संघटनेनं लावून धरलेल्या खटल्यात. इंद्रवेल्लीला त्याचा उपयोग नव्हता. तेहतीस वर्षं उशीर झाला होता.

तेलंगण राज्य झाल्यावर पहारा हळूहळू सैल होत गेला. आधी काही तासांची सूट मिळे, मृतांच्या घरच्यांना आधी जाऊ देत. २ फेब्रुवारी २०२४ ला मुख्यमंत्री रेवंत रेड्डी इंद्रवेल्लीला आले, स्तूपाला फुलं वाहिली आणि तिथं स्मृतिवनाचं काम जाहीर केलं. ज्या जागी जायला लोकांना बंदी होती, तिथं राज्याचा प्रमुख मान झुकवतो. हे घडवलं दरवर्षी चौकीवरून परत फिरवल्या गेलेल्यांनी, जे पुढच्या वर्षी पुन्हा आले. त्यातले बरेच जण १९८१ नंतर जन्मलेले. त्यांनी गोळीचा आवाज ऐकलेला नाही. त्यांनी ऐकलं ते आजीचं सांगणं.

जोडेघाटला कोमराम भीमचा दिवस अश्विन पौर्णिमेला पाळतात. तिथला हिशेब चंद्राचा. इंद्रवेल्लीचा दिवस मात्र इंग्रजी तारखेनं पाळला जातो. जमावबंदीचा हुकूमही त्याच तारखेचा असायचा, म्हणूनही असेल कदाचित.

२०२६ चा २० एप्रिल पुन्हा सोमवारचा, बाजाराचा आहे.